आधी एक वाफा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आमच्या कान्हे परिसरात भातलावणीचे दिवस. त्याच दिवशी देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकांच्या रक्षणासाठी पाठवलेल्या एका छोट्या फाइलमध्ये चूक होती. आपल्याकडच्या सकाळी ९.३९ला ती सुटली, १०.५७ला मागे घेतली गेली. एवढ्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख संगणक कोलमडले. फाइल मागे घेतली तरी पडलेल्या संगणकाला ते कळणार कसे? अनेक ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन ती पुसावी लागली.

चूक कोणाचीही होते. प्रश्न असा, की ती एकाच वेळी जगभर का गेली? मूळ प्रोग्रामच्या बाबतीत ग्राहकाला एक आवृत्ती मागे राहण्याची मुभा होती. या फाइलला मात्र ती शिस्त लागू नव्हती. टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे शहाणपण नंतर आले.

नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा कित्येक महिने लेजर आणि यंत्र दोन्ही चालवावे लागले. संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. आम्ही यथेच्छ कुरकुर केली. मग एके दिवशी बचत खात्यांच्या व्याजात काही पैशांचा फरक निघाला. प्रोग्राम रुपया पूर्ण करताना चुकत होता! एका शाखेत सापडला म्हणून निभावले. हजारो पासबुकांत तो छापला गेला असता तर?

त्या शुक्रवारच्या सहाच दिवस आधी, १३ जुलैला, एचडीएफसी बँकेने आपली मुख्य प्रणाली नव्या यंत्रणेवर नेली. ग्राहकांना आधी कळवून, पहाटे ३ ते दुपारी साडेचार. दिवस कोणता? दुसरा शनिवार. माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला त्यातले मर्म लगेच कळते. काही बिनसलेच तर हाताशी रविवार उरतो.

मग चालू सर्व्हरला हातच लावू नये का? तेही महागात पडते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या विषाणूने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. तो ज्या वाटांनी पसरला त्यांपैकी विंडोजमधल्या भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. आणि गंमत पाहा, तो मुळात शिरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! म्हणजे थांबणारा बुडतो आणि घाई करणाराही. सुरक्षेचे ठिगळ काही दिवसांत लावावे, नव्या सोयींना महिनाभर थांबवले तरी बिघडत नाही. पण दोन्ही आधी एकाच यंत्रावर चालवून पाहावे.

इथे हे कोणाला शिकवावे लागत नाही. शेजारच्या वडगावच्या भात संशोधन केंद्राचा इंद्रायणी वाण १९८७ साली आला, तोही आधी प्रयोगाच्या तुकड्यांवर पारखूनच. आजही नवे बियाणे आणणारा शेतकरी पहिल्या वर्षी एका वाफ्यातच ते टाकतो आणि जुने घरात राखून ठेवतो.

परवा एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना मी विचारले, ‘‘नवी आवृत्ती बसवण्याआधी जुन्याची प्रत घेता ना?’’

‘‘घेतो की, साहेब. दर वेळी.’’

‘‘त्या प्रतीवरून काम पुन्हा सुरू करून पाहिलंय कधी?’’

त्यांनी चहा मागवला.