लहानग्याला घेऊन दिवसाची सहल

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली, संत्र्यांच्या हातगाड्या चौकाचौकांत दिसायला लागल्या, की नागपुरातल्या घराघरांतून "येत्या रविवारी कुठे तरी जाऊन येऊ या" अशी भाषा सुरू होते. बेतही झटकन ठरतो. रामटेकचा गड, शेजारचा खिंडसी तलाव, येता येता मनसर! पण घरात दीड-दोन वर्षांचं दुडदुडणारं मूल असेल, तर हा बेत त्याचा नव्हे, आणि खरं सांगायचं तर तुमचाही नव्हे. गड बघतात बाकीचे. आई मात्र झोपेला आलेलं, किरकिरणारं पोर मांडीवर घेऊन पिशव्या राखत बसते. घरी परतल्यावर पोळ्या लाटायच्या त्या वेगळ्याच.

म्हणून ठिकाण एकच ठरवा, आणि तेही मुलाच्या दुपारच्या झोपेचा हिशेब करून. सकाळी सातला निघावं, नऊ-साडेनऊला पोचावं, साडेबारापर्यंत त्याला मनसोक्त चालू द्यावं, जेवू घालावं आणि परतीच्या वाटेला लागावं. गाडीच्या झुल्यावर ते आपोआप झोपतं. "एवढ्यात परत?" असं कुणी म्हणेल, म्हणू द्या.

मला विचाराल तर एवढ्या लहान मुलासाठी रामटेकपेक्षा सेवाग्राम बरं. अंतर थोडं जास्त आहे, सुमारे ७५ किलोमीटर. पण आगगाडीने सेवाग्राम स्टेशनला उतरून ऑटो केला की झालं. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आश्रमात चढण नाही, वाहनांची वर्दळ नाही, मोठमोठी झाडं आहेत. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी सगळं हाकेच्या अंतरावर. मातीच्या भिंती, स्वच्छ अंगण, आणि १९३६ सालीच गांधीजींनी लावलेला पिंपळ. मूल अंगणात पानं वेचत बसतं आणि आपल्याला कुटीत दोन मिनिटं शांत उभं राहता येतं. वाटेवरच्या पवनारचा मोह मात्र त्याच दिवशी नको. विनोबांचा आश्रम धाम नदीच्या काठावर आहे, आणि पाणी दिसलं की हे वय थांबत नाही. ते दुसऱ्या खेपेला, बरोबर जास्त मोठी माणसं असताना.

रामटेकलाच जायचं असेल तर जरूर जा, ५० किलोमीटरच तर आहे. पण वाहन वरपर्यंत नेता येतं, पायऱ्यांचा हट्ट धरू नका. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेचे दिवस टाळा. आणि बरं का, गडावर माकडं फार! मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन त्याला मोकळं सोडू नका. खाणं वाहनात किंवा खाली उतरल्यावर.

स्कूटरवरून दूर जाण्याचा विचार असेल तर तो सोडाच. २०२२ साली केंद्र सरकारने नियम केला आणि २०२३ पासून तो लागू झाला: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट हवं, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. त्या वेगाने हायवेवरून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. एसटी काय वाईट आहे? मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. स्कूटर अंबाझरी आणि महाराजबागेपुरती ठेवावी.

डब्यात दुधात भिजवलेल्या दशम्या, तूप-साखर, मोठ्यांना तिखट पुऱ्या आणि लोणचं. दशमी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. दहीभात नेऊ नका, उन्हात आंबतो. गरम दूध थर्मासमध्ये भरून तासन्तास ठेवणंही चांगलं नाही, कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात; थर्मासात नुसतं गरम पाणी न्यावं आणि दुधाची पावडर निराळी. शेंगदाणे नि फुटाणे मोठ्यांनी खुशाल खावेत, पण पोराच्या हाती नको, घशात अडकतात. संत्र्याची फोड द्याल तर साल आणि बिया काढून. उकळून गार केलेलं पाणी घरूनच न्या. जुलाब-उलट्या झाल्याच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहावं. मूल मलूल वाटलं किंवा काहीच पोटात ठरेना, तर तडक डॉक्टर गाठावा.

पहाटे स्वेटर, दुपारी सुती झबलं, असे कपडे एकावर एक घाला. मार्च उजाडला की मात्र या सहली बंद. नागपूरचं ऊन लहान जिवाला सोसत नाही.

आता एक आतलं काम. निघायच्या आदल्या रात्रीच मुलाच्या बाबांशी बोलून ठेवा: पोचल्यावर पहिला तास मूल त्यांच्याकडे, दुसरा तुमच्याकडे. सासूबाई बरोबर असतील तर त्यांच्यासमोरच ठरवा, म्हणजे ऐन वेळी "आईच हवी त्याला" हे निघत नाही. आणि रात्रीसाठी खिचडीचे डाळ-तांदूळ सकाळीच मोजून ठेवा. आल्यावर कुकर कुणीही लावू शकतं.