जास्तीचा कप

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी चहाला बसलो, तर आईने एक कप जास्त मांडलेला.

"हा कुणाचा?"

"अरे, ह्यांचा! फिरून येतीलच आता."

आमच्या अण्णांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

"वय झालं त्यांचं," आमची ही हळूच म्हणाली. मीही मान डोलावली. ७४ हे वय अशा वेळी फार सोयीचे. सगळे त्याच्या माथी मारता येते.

त्या रविवारी एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. माझ्या तासाला हा हटकून डुलक्या काढी. आता औषधशास्त्रात संशोधन करतो. रात्री वरचेवर उठावे लागते म्हणून आईला दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली गोळी त्याने पाहिली आणि तो गंभीर झाला.

"सर, हिची रीत धोतऱ्याची."

शंकराला वाहायचा तो धोतरा! मी दचकलोच. मग त्याने समजावले. मज्जातंतू निरोप धाडतात ते ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याकरवी. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून या निरोप्याचा माग काढला. पलीकडच्या पेशीवर त्याच्यासाठी कुलपे असतात. धोतऱ्यातले ॲट्रोपीन कुलपात जाऊन बसते, पण ते उघडत नाही. मूत्राशय शांत होते, तोंडाला कोरड पडते, आणि म्हाताऱ्या मेंदूत निरोप हरवू लागतात.

"पण ही कुलपे तपासता कशी?"

"एका चार वर्षांच्या मुलीच्या पेशींवर."

त्या मुलीला न्यूरोब्लास्टोमा होता. अर्धवट वाढलेल्या मज्जापेशींचा हा कर्करोग, बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या पेशी बशीत वाढल्या, त्या आजतागायत वाढत आहेत. त्यांच्या एका शाखेला एसएच-एसवाय५वाय म्हणतात. या पेशींवर तीच कुलपे आहेत.

"म्हणजे या औषधांनी मुलांना कर्करोग होतो?" हिने घाबरून विचारले.

"छे हो काकू! ती कसोटीची पाटी आहे फक्त. आणि बशी म्हणजे मेंदू नव्हे. माणसांचा पुरावा निराळा लागतो."

तोही त्याने सांगितला. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१९ साली स्मृतिभ्रंशाच्या ५८,७६९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अशा काही औषधांच्या दीर्घ वापराशी त्या विकाराचा संबंध दिसला. मात्र संबंध म्हणजे कारण नव्हे.

"गोळी आपल्या मनाने बंद करू नका," असे बजावून तो गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषध बदलले. तीन आठवड्यांत आईने माझ्या दुधाच्या हिशेबातली चूक काढली, तेव्हा मी प्रथमच चूक काढल्याबद्दल कुणाचे तरी पाय धरावेत अशा बेतात होतो.

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी आईने ओटीवर पणत्या मांडल्या. दर वर्षी अकरा असतात. मी मोजल्या, तर बारा! छातीत धस्स झाले.

"आई, ही कुणाची?"

"त्या पोरीची," वात सारीत आई म्हणाली. "विसरले नाहीये मी."