राखीव यंत्रणेची राखण

1 नोव्हेंबर 2011 रोजी पोलंडच्या ‘लॉट’ कंपनीचे बोइंग 767 विमान वॉर्साच्या शोपँ विमानतळावर चाके न उघडता पोटावर उतरले. अमेरिकेतील न्यूअर्कहून आलेल्या या विमानात 220 प्रवासी आणि 11 कर्मचारी होते. 231 जणांपैकी एकालाही इजा झाली नाही. विमान मात्र कायमचे निकामी झाले.

बिघाडाची सुरुवात उड्डाणानंतर लगेचच झाली. उजव्या मुख्य चाकांजवळची लवचिक नळी फुटली आणि मधल्या हायड्रॉलिक प्रणालीतले तेल वाहून गेले. या विमानात अशा तीन प्रणाली असतात. चाके वर घेणे आणि खाली सोडणे मधलीवर अवलंबून असते. उरलेल्या दोन प्रणालींवर विमान सुरक्षित उडू शकत होते, म्हणून अटलांटिक पार करून वॉर्सापर्यंत जाण्याचे ठरले.

मधल्या प्रणालीत तेलाचा दाब नसतानाही चाके उघडण्याची राखीव सोय असते. विजेची मोटर चाकांची कुलुपे सोडवते आणि चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. वॉर्साजवळ ही सोयही चालली नाही. विमान शहरावर तासाभराहून अधिक काळ घिरट्या घालून इंधन जाळत राहिले. हवाई दलाच्या एफ-16 विमानांनी जवळून पाहणी करून चाके बंदच असल्याचे सांगितले. धावपट्टीवर फेस पसरण्यात आला. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान सरळ आणि समतोल टेकवले.

पुढे विमान उचलून वीजपुरवठा जोडला आणि उघडलेला एक सर्किट ब्रेकर दाबला, तेव्हा चाके खाली आली. राखीव सोयीला वीज देणारा हाच ब्रेकर उडालेला होता. कॉकपिटमध्ये तो अगदी खाली, जमिनीलगत होता. धक्क्यापासून वाचवणारे आवरण त्यावर नव्हते. पोलंडच्या तपास आयोगाने उघडा ब्रेकर आणि तो वैमानिकांच्या लक्षात न येणे, ही दोन्ही अपघाताची कारणे ठरवली. त्याची जागा, आवरणाचा अभाव आणि जमिनीवरून तज्ज्ञांची मदत मिळवून देण्यातल्या कंपनीच्या त्रुटी यांनाही आयोगाने जबाबदार धरले.

व्रोना यांच्या कौशल्याचा गौरव झाला, तो योग्यच होता. पण दोष केवळ त्यांच्या नजरेवर टाकणे अन्यायाचे ठरेल. ऐन संकटात, इंधन आटत असताना, पायाजवळचे एक छोटे बटण माणसाला दिसेलच असे गृहीत धरणे ही रचनेची चूक आहे. राखीव यंत्रणा एरवी वापरात नसते, त्यामुळे तिचा बिघाड गरज पडेपर्यंत लपून राहतो. म्हणून तिचा वीजपुरवठा तुटल्याची ठळक सूचना वैमानिकासमोर यायला हवी, तिच्या ब्रेकरला आवरण हवे आणि चाके न उघडल्यास पाळायच्या तपासयादीत त्या ब्रेकरचा नावानिशी उल्लेख हवा.