मंगळागौरीचे रिंगण

श्रावणातल्या मंगळवारी घरात मंगळागौर असली, की पूर्वी त्या घराची आठ दिवस आधीपासून धांदल उडे. नव्या लग्नाची मुलगी पहिल्या वर्षी बहुधा माहेरीच गौर पूजी. त्यामुळे पत्री कोणी आणावयाची, पूजेला बरोबरीच्या नवविवाहित मुली किती बोलवावयाच्या, रात्रीच्या फराळाला भाजणीचे वडे नि मटकीची उसळ किती लागेल, हा सारा हिशेब तिच्या आईच्या माथी. परंतु तिची खरी चिंता निराळीच असे. पूजेनंतर रात्र जागवावयाची होती. आणि रात्र काही नुसती आरास पाहून जागत नाही.

या जागरणातील फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा यांना आपण खेळ म्हणतो. पण ते नृत्यच होय. फुगडीचेच पाहा. दोघीजणी हातांची अढी घालून एकमेकींचे हात धरतात, पावले जवळ आणतात, अंग मागे झोकून देतात आणि गरगर फिरू लागतात. एकीचा भार दुसरी तोलते. एकीने हात सोडला तर पडतात मात्र दोघी. कोंबडा घालताना मांड्या भरून येतात, सूप नाचविताना मनगटाची परीक्षा होते. आपले नऊवारी लुगडे या खेळांना किती सोयीचे आहे, हे कासोटा घालून धावून पाहिल्याशिवाय कळत नाही. जाणती यजमानीण आरंभीच दमछाक करणारा खेळ लावीत नाही. आधी सर्वांना जमणारा टाळ्यांचा झिम्मा, मग फुगड्यांचे प्रकार, आणि दम लागला की मध्येच उखाणे, असा तिचा क्रम असतो.

या रात्रीचे मोल समजावयाचे असेल, तर जुना काळ आठवला पाहिजे. दहा-बारा वर्षांच्या मुलींची लग्ने सर्रास होत असत. मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 असावे, असे कायद्याने ठरले तेच मुळी 1929 साली. ते 18 झाले 1978 मध्ये. सासरी ज्या मुलीला मोठ्याने हसण्याचीही चोरी, तिला वर्षातून एक रात्र मनसोक्त ओरडण्याची, नाचण्याची, गाण्यातून सासूची थट्टा करण्याचीदेखील मुभा मिळे. एवढ्यासाठी तरी त्या व्रताचे उपकार मानावे लागतील.

आज मुली शिकतात, नोकरी करतात. मंगळवारची सवड नसते म्हणून हा समारंभ कित्येकदा रविवारी, सभागृहात होतो. खेळ करून दाखविणारी स्त्रियांची मंडळेही निघाली आहेत. त्यांना मी नावे ठेवणार नाही. विसरले जाऊ लागलेले कितीतरी खेळ त्यांनी जपले आहेत. मात्र सारख्या रंगाची लुगडी नेसलेल्या दहाजणी मंचावर नाचत आहेत आणि नवी नवरी, तिच्या मैत्रिणी व आजी खुर्चीवर बसून टाळ्या देत आहेत, हे दृश्य मला खटकते. यजमानीण पाहुण्यांना नाचावयास बोलावते, की नाच पाहावयास? मंडळ बोलवावयाचेच असेल, तर अर्धा तास त्यांनी शिकवावे आणि पुढे सगळ्यांनी खेळावे, असे ठरवूनच बोलवावे.

पण मला अधिक सलते ते दुसरेच. जुन्या रिंगणातही सर्वांना जागा नव्हती. माझ्या लहानपणी शेजारच्या घरी मंगळागौर असे, तेव्हा त्या घरची विधवा आत्या रात्रभर स्वयंपाकघरात वडे तळीत बसे. गंमत अशी, की सगळ्या खेळांची गाणी पाठ होती ती एकट्या तिलाच. रिंगणात एखादे कडवे अडले, की कोणी तरी मुलगी धावत आत जाई, आत्या झारा हातात धरूनच पुढची ओळ सांगे आणि मुलगी परत धावे. आत्याला बाहेर घेऊन यावे, हे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. ठराव झाला, हे चांगलेच झाले. परंतु आमंत्रणाची यादी ग्रामसभा करीत नाही, ती घरची बाई करते. त्या यादीत विधवा काकू, लग्न न झालेली मावशी, घरी भांडी घासावयास येणारी बाई व तिची मुलगी यांची नावे पहिल्यानेच लिहावीत, आणि त्यांना हळदीकुंकू देऊन वाटेस न लावता फुगडीसाठी त्यांचा हात धरावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

जागा अपुरी पडेल, अशी अडचण कोणी सांगतील. खाटा नि खुर्च्या जिन्यात नेऊन ठेवाव्या, म्हणजे दोन खोल्यांतही झिम्मा होतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. तेथे अनवाणी खेळावे. राहता राहिले खालच्या मजल्यावरचे शेजारी. डोक्यावर फुगड्या चालल्या असता त्यांना झोप लागणार नाही, हे उघड आहे. तेव्हा त्यांनाही आधीच बोलावणे करावे. जागावयाचेच आहे, तर त्यांनी वर येऊन जागावे.