ललिता पवार ही शिवी नव्हे

आपल्या घरांत आणि लग्नाच्या बैठकींत सर्रास उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याविरुद्ध हा लेख आहे. सून सासूविषयी बोलताना म्हणते, "आमच्याकडे तर साक्षात ललिता पवार आहे." मुलगी पाहून परतलेल्या मंडळींत कुणीतरी एक डोळा बारीक करून सांगते, "मुलगी चांगली आहे हो, पण आई म्हणजे ललिता पवार!" ऐकणारे हसतात. काटोलला आम्ही हे इतक्या वेळा ऐकले आहे की, या वाक्याला आता कुणी वाक्यही समजत नाही. हटकले तर उत्तर तयार असते : "फादर, गंमत आहे ती." आम्हांला ती गंमत वाटत नाही. आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलेल्या एका स्त्रीचे नाव आपण घेतले, त्याचे सामान्यनाम केले आणि त्या सामान्यनामाची शिवी केली. ही शिवी किती जणींना लागते याचा हिशेब मात्र आपण ठेवला नाही.

प्रथम ती स्त्री कोण होती हे सांगितले पाहिजे, कारण नाव घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना तेही ठाऊक नसते. मूळ नाव अंबा सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. चित्रपट मुका होता त्या काळात, बारा वर्षांच्या आतबाहेर असताना ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. चांगल्या घरच्या मुलीने तेथे जावे असे समाजाला वाटत नव्हते, असा तो काळ. १९३२ साली 'कैलाश' या मूकपटात तिने भूमिका तर केलीच, शिवाय त्याच्या निर्मितीतही ती भागीदार होती. १९३८ साली तिने 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला तो टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवरून. एका पुरुषाने फसवलेली मुलगी आणि त्या पुरुषाला पुढे जाणवलेले पाप हा त्या कादंबरीचा विषय. उपदेशाच्या व्यासपीठावरून आम्ही जे सांगत असतो, ते येवल्याची ही मुलगी वयाच्या बाविसाव्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर पडद्यावर आणत होती, हे सहज नोंदवून ठेवतो.

त्यानंतर १९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात तिला एक थप्पड खायची होती. सहकलाकार मास्टर भगवान यांचा हात प्रमाणाबाहेर जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. दीर्घकाळ उपचार झाले, पण डोळा पूर्वीसारखा झाला नाही. तो कायमचा बारीक राहिला. सव्वीस वर्षांची नायिका होती ती. चेहरा हीच जिथे पुंजी, तिथे चेहराच गेला. दुसरी कोणी असती तर घरी बसली असती आणि आपण तिची कीव केली असती. कीव करणे आपल्याला फार चांगले जमते.

ती घरी बसली नाही. १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटात तिने आनंदीबाई उभी केली. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जिच्यावर महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या खापर फोडले, ती आनंदीबाई. पुढे १९५० साली व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मधली हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू आली. तेव्हापासून 'खाष्ट सासू' म्हटले की तोच चेहरा, हे समीकरण पक्के झाले आणि शेकडो चित्रपटांतून ते वापरले गेले.

येथे आम्हांला थोडे थांबायचे आहे. 'दहेज'मधली सासू पाहून थिएटरात लोक संतापत असतील तर ते योग्यच होते. पण तो संताप घेऊन माणसे कोठे गेली? हुंडा घेण्यास बंदी करणारा कायदा देशात १९६१ साली आला, आणि कायदा आल्यावरही हुंडा घराघरांतून चालू राहिला. म्हणजे सासूचा राग आला तो पडद्यावरच्या नटीचा. आपल्या माजघरात बसलेल्या सासूचा, सासऱ्याचा, आणि गप्प राहून सगळे पदरात पाडून घेणाऱ्या नवरदेवाचा नव्हे. "आपल्या ख्रिस्ती समाजात हुंडा नाही," असे आपण अभिमानाने म्हणतो. विवाहापूर्वीच्या बोलण्यांना आम्ही इतकी वर्षे बसत आलो आहोत. फ्रिज, मोटारसायकल, मुलाच्या नोकरीसाठी 'थोडी मदत' हे सारे कोणत्या नावाने येते हे आम्हांला सांगण्याची गरज नाही. या घरांतल्या आया मोठ्या प्रसन्न चेहऱ्याच्या असतात. त्यांचे दोन्ही डोळे सारखे असतात. त्यांना कोणी ललिता पवार म्हणत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. आक्षेप असा, की सासू म्हणजे राक्षसीण ही कल्पना अशा भूमिकांनीच रुजवली. तेव्हा त्या करणारीवर काहीच दोष नाही असे कसे म्हणता? हिंदी चित्रपटाने सासूचे एक ठरावीक सोंग केले आणि त्यावर पैसा मिळवला, हे आम्ही मान्य करतो. त्याहून वाईट म्हणजे त्याने एका अपघाताच्या खुणेला दुष्टपणाची खूण केली. डोळा बारीक झाला की माणूस कपटी, पाठीला पोक आले की कारस्थानी, असा धडा त्याने लहान मुलांना दिला. पण हा हिशेब कथा लिहिणाऱ्यांकडे, पैसा लावणाऱ्यांकडे आणि तिकीट काढणाऱ्या आपल्याकडे मागायचा, की जिला दुसरे काम दिले जात नव्हते तिच्याकडे? तिने तर मिळेल तेव्हा त्या धड्याला खोटे पाडले.

पुरावा हवा असेल तर एकच वर्ष पाहा : १९५९. त्या वर्षी बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये ती अस्पृश्य जातीत जन्मलेल्या मुलीचा विटाळ मानणारी आत्याबाई झाली. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'मध्ये ती मिसेस डिसा झाली. डोळा तोच, चेहरा तोच, बाई मात्र संपूर्ण दुसरी.

मिसेस डिसा ही आपली बाई आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द अधिक लिहितो. मुलगा गमावलेली ही ख्रिस्ती घरमालकीण एका बेकार तरुणाला खोली देते. तोंडाने त्याला सतत झोडपते आणि हाताने त्याला जेवू घालते. शेवटी ती मरते ती एका प्रतिष्ठित कंपनीच्या सदोष औषधाने, आणि विष घातल्याचा आळ येतो त्या निरपराध तरुणावर. मोठ्या बंगल्यातला सभ्य गृहस्थ खरा अपराधी, आणि फाटक्या तोंडाची म्हातारी खरी आई : अशी ती कथा. हिंदी पडद्यावर ख्रिस्ती बाई म्हणजे आखूड झगा, हातात पेला आणि क्लबातले नाच, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे केली. ती रास्त होती. पण जिने आपल्या आजीला, आपल्या मावशीला, तिच्या बडबडीसह आणि मायेसह पडद्यावर प्रतिष्ठा दिली ती येवल्याची हिंदू स्त्री होती, हे आपण किती वेळा आठवले? या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९७१ साली 'आनंद'मध्ये हृषीकेश मुखर्जी यांनी तिला पुन्हा डिसा हेच आडनाव देऊन इस्पितळातली मेट्रन केले. कडक, शिस्तीची आणि मरणाऱ्या रोग्यापुढे विरघळून जाणारी ती मेट्रन पाहिली की मिशनच्या दवाखान्यांत आयुष्य काढलेल्या कितीतरी सिस्टर आठवतात. त्याआधी १९५५च्या 'श्री ४२०'मध्ये ती केळी विकणारी गंगामाई होतीच.

आपण यांतले काहीच लक्षात ठेवले नाही. आपण लक्षात ठेवली मंथरा. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे. मिस्सा लांबली की लोक मागच्या बाकांवरून एकेक करून निसटत, हे आमच्या पिढीला चांगले आठवत असेल. सत्तरी ओलांडलेली ती बाई त्या मालिकेत पाठीला बाक देऊन आली आणि सारा देश तिला पुन्हा शिव्या देऊ लागला. २०२०च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा नातवंडांनीही तो शब्द उचलला.

तो शब्द कोठे जाऊन पडला ते सांगतो. आमच्या परिचयाच्या एका घरी लहानपणीच्या आजाराने चेहऱ्याची एक बाजू ओढली गेलेली मुलगी आहे. डोळा पूर्ण मिटत नाही, हसली की ओठ एकीकडे जातो. वर्गातली मुले तिला 'मंथरा' म्हणतात. मोठी माणसे तिच्यासमोर म्हणत नाहीत, मागे म्हणतात. तेवढी सभ्यता आपल्यात आहे. गाणाऱ्या मुलींत तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता. गेल्या वर्षीपासून ती गायला येत नाही. डाग पडलेले संत्रे आपल्या काटोलच्या बाजारात कमी भावाने जाते, रस तोच असला तरी. व्यापाऱ्याला आम्ही दोष देत नाही, त्याला साल विकायची असते. आपला व्यापार कोणता?

दुष्ट भूमिका करणाऱ्यांना दूर ठेवण्याची खोड एकट्या काटोलची नाही, आणि चर्चही तिच्यातून सुटलेले नाही. रोममध्ये बाप्तिस्म्याची टवाळी करणाऱ्या सोंगात काम करताना ज्याचे मन पालटले, त्या जेनेशियसला चर्चने संत मानले, नटांचा आश्रयदाता मानले. त्याच चर्चने १७३० साली पॅरिसमध्ये आद्रिएन लकुव्हर या थोर अभिनेत्रीला ख्रिस्ती दफन नाकारले, कारण तिने नटीचा व्यवसाय शपथपूर्वक सोडला नव्हता. आशियातील सर्वांत मोठ्या कॅथलिक देशात, फिलिपीन्समध्ये, बेला फ्लोरेस नावाची अभिनेत्री होऊन गेली. १९५१च्या 'रोबेर्ता' चित्रपटात लहान मुलीला छळणारी सावत्र आई तिने केली आणि पुढे २०१३ साली मरेपर्यंत 'दुष्ट बाई' हीच तिची ओळख राहिली. आपल्या सोलापूरच्या शशिकला जवळकर यांचेही तसेच. 'सुजाता'मध्ये त्या प्रेमळ बहीण होत्या. पण 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या चित्रपटांतल्या खलभूमिकांना फिल्मफेअर मिळाले आणि लोकांनी त्यांना त्याच खणात ठेवून दिले. याच शशिकलांनी पुढे मदर तेरेसांच्या सिस्टरांबरोबर राहून रुग्णांची आणि अनाथांची सेवा केली. २०२१ साली त्या वारल्या. आपल्या किती घरांना ही गोष्ट माहीत आहे?

आता आपल्या अंगणातले. नाताळच्या नाटकाची पात्रयोजना हे आमच्या वर्षातले सर्वांत अवघड काम असते. मरियेच्या भूमिकेसाठी सात मुली, देवदूतांसाठी पंधरा, आणि दार लावून घेणाऱ्या सराईवालीसाठी एकही नाही. मुलीला नको असते असे नाही. आयांना नको असते. "उद्या तिला त्या नावाने हाक मारतील, फादर. लग्नाची पोर आहे." आम्ही या आयांना विचारतो : झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होते, तेव्हा ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरू वाचतो, क्रुसाची शिक्षा मागणाऱ्या जमावाचे शब्द कोण वाचते? आपण सर्व वाचतो. आजी वाचते, नववधू वाचते, प्रथम कम्युनियन झालेले पोर वाचते, आणि ते मोठ्याने वाचायचे असते. चर्चने ती भूमिका भाड्याच्या नटांना दिली नाही, भाविकांनाच दिली. असे असताना सराईवालीने मुलीचे नाव बिघडते, हे कोणते धर्मशिक्षण?

दाराशी गर्भार बाई उभी असताना जागा नाही म्हणून सांगणारी स्त्री कशी दिसते, कशी बोलते, हे नीट दाखवायला बुद्धी लागते. ती रागावलेली नसते. ती दमलेली असते, घर पाहुण्यांनी भरलेले असते, तिचे कारण अगदी खरे असते. ललिता पवारांच्या चांगल्या भूमिकांत नेमके हेच होते : दुष्टपणा करणाऱ्याला आपण दुष्ट आहोत असे वाटत नाही. आपल्या मुलींपैकी जी सर्वांत हुशार आणि, आयांना ऐकायला बरे वाटावे म्हणून सांगतो, जी सर्वांत देखणी, तिला ही भूमिका दिली पाहिजे.

आणि मरिया? ती त्या मुलीने करावी, जी गायला येईनाशी झाली आहे. काहींना हे रुचणार नाही, "फोटो चांगले येणार नाहीत," हेही आमच्या कानी आले आहे. ललिता पवार २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे वारल्या. त्यांचे फोटो शेवटपर्यंत तसेच आले, आणि त्याच चेहऱ्याने त्यांनी मिसेस डिसा केली.

आंबिया बहाराची तोड आटोपली की तालमी सुरू होतील. त्या मुलीच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत. तिची आई विचार करते आहे. सराईवालीचे संवाद यंदा आम्ही थोडे वाढवून ठेवले आहेत.