विश्लेषण : सूर्य मावळला की पाताळगंगेची पाळी! ऊर्जाबदलाचा भार आपट्याच्या नदीवर कसा?

देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा वाटा जून २०२५ मध्ये निम्म्यावर गेला. २०३० साठी ठेवलेले हे लक्ष्य पाच वर्षे आधीच गाठल्याचे सरकारने जाहीर केले. मात्र संध्याकाळी दिवे लागले की भार पुन्हा कोळशावर आणि काही अंशी पाण्यावर येतो. या पाण्यातले काही पनवेल तालुक्यातील आपट्याजवळून वाहते. कोळसा सोडून सूर्याकडे जाताना नेमके कुठे अडते, हे समजून घ्यायला पाताळगंगेचे खोरे उपयोगी आहे. एकाच नदीवर वीज, कारखाने आणि पिण्याचे पाणी अशी तिहेरी मदार इथे आहे.

आपट्याच्या नदीचा विजेशी काय संबंध?

पाताळगंगा खोपोलीकडून येते, रसायनीच्या औद्योगिक पट्ट्यातून आपट्याला पोहोचते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. कोकणातल्या इतर नद्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत डबक्यांवर येतात, ही मात्र उन्हाळ्यातही वाहती असते. हे पाणी कोकणचे नाही. ते घाटमाथ्यावरील वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांतले, म्हणजे मुळात भीमा खोऱ्याचे आहे. टाटा पॉवरच्या खोपोली जलविद्युत केंद्रात ते पाचशे मीटरहून अधिक खाली येते, टर्बाइन फिरवते आणि मग नदीत सोडले जाते. त्यामुळे टर्बाइन किती तास फिरले यावर उन्हाळ्यातले नदीचे पाणी ठरते.

रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातले कारखाने याच पाण्यावर चालतात. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजनाही पाताळगंगेतूनच पाणी उचलते आणि ते पनवेल, सिडकोच्या वसाहती, जेएनपीए बंदरापर्यंत जाते. आपटा या सगळ्यांच्या खालच्या अंगाला आहे. वरचे सगळे उचलून झाले की जे उरेल ते आपट्याचे, असा हा हिशेब.

कोळसा सोडून पाण्याकडे, हे आधीही घडले आहे?

होय, आणि याच खोऱ्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. गिरणगावावरचा धूर आणि बाहेरून आणाव्या लागणाऱ्या कोळशाचा खर्च, दोन्हींवर उपाय म्हणून सह्याद्रीच्या पावसावर वीज करण्याची कल्पना पुढे आली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. ‘हरित ऊर्जा’ हा शब्दही नव्हता, तेव्हा मुंबईच्या गिरण्या पाण्याच्या विजेवर गेल्या होत्या.

पण ते फुकट झाले नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रासाठी मुळशीचे धरण बांधताना मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट त्यातून महाराष्ट्राला माहीत झाले. स्वच्छ विजेसाठी कोणाची जमीन घ्यायची, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

शहर वाढत गेले आणि पाणी पुरेना. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले. आज खोपोलीची क्षमता ७२, भिवपुरीची ७५ आणि भिऱ्याची ३०० मेगावॉट आहे, तर मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. पाण्यावर गेलेले शहर चाळीस वर्षांत पुन्हा कोळशाकडे वळले, ते हट्टाने नव्हे, गरजेने. सध्याच्या घोषणा ऐकताना हा इतिहास विसरला जातो.

क्षमता निम्मी झाली, मग वीज निम्मी का नाही?

क्षमता आणि निर्मिती यांतला फरक इथे कळीचा आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नीट चालला तर ६० लाख युनिटच्या आसपास देतो. रात्री आणि ढगाळ दिवशी पॅनेल काम करत नाही, इतके साधे कारण आहे. त्यामुळे क्षमतेत कोळसा मागे पडला तरी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत त्याचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आगेमागे आहे.

आपट्याच्या रेल्वे स्थानकाचे उदाहरण घ्या. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगामुळे ते देशभर पोहोचले. १९९५ मध्ये या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या. आता पनवेल-रोहा मार्गावर विजेच्या गाड्या धावतात आणि पुढे कोकण रेल्वेचे विद्युतीकरणही जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. डिझेलचा धूर गेला हे खरेच. पण रात्री त्या तारांत येणारी वीज बहुतांशी कोळशाची असते. धूर स्थानकावरून चंद्रपूर-कोराडीकडे सरकला, एवढेच. पुढे ग्रीडमधला कोळसा कमी होईल तेव्हा गाडी आपोआप स्वच्छ होईल, हा विद्युतीकरणाचा खरा फायदा. तो मिळायला मात्र आधी ग्रीड बदलावे लागेल.

खरी अडचण संध्याकाळची का?

राज्यात दुपारी सौर वीज झपाट्याने वाढत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीचे फीडर दिवसा सौर विजेवर चालवण्यासाठी १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट आहे. प्रकल्पासाठी खासगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, अशी तरतूद आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटार लावायला जावे लागणार नाही, ही या योजनेची सर्वांत मोलाची बाजू.

पण सूर्य कलला की दोन गोष्टी एकदम होतात. सौर वीज तासा-दोन तासांत शून्यावर येते आणि घराघरांत दिवे, पंखे, एसी, टीव्ही सुरू होतात. ही दरी भरायला कोणीतरी झटकन धावून यावे लागते. कोळशाचा संच त्या कामाचा नाही. बॉयलर तापायला तास लागतात आणि तो फार खाली आणता येत नाही. सध्याच्या नियमानुसार संचांनी ५५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे, पुढे ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे संध्याकाळी हवा म्हणून संच दुपारीही धुमसत ठेवावा लागतो. गॅसचे केंद्र चपळ असते, पण उरणच्या गॅस वीजकेंद्राची ६७२ मेगावॉट क्षमता पुरेशा गॅसअभावी वर्षानुवर्षे पूर्ण वापरली गेलेली नाही.

उरते पाणी. जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो. म्हणून सौर वीज जितकी वाढेल, तितके खोपोलीसारख्या केंद्राचे पाणी दुपारी राखून संध्याकाळी वापरणे शहाणपणाचे ठरते. ग्रीडसाठी हे उत्तम आहे. नदीसाठी याचा अर्थ असा की, दिवसभर संथ वाहणारे पाणी काही तासांच्या लोंढ्यात येईल आणि उरलेला वेळ पात्र ओसरलेले राहील. शेजारच्या कुंडलिकेत हे रोज दिसते. कोलाडचे राफ्टिंग वरच्या वीजकेंद्रातून पाणी सुटले की चालते, एरवी होड्या काठावर. पर्यटकाला वेळ जुळवता येते. पाणीयोजनेच्या पंपाला, नदीकाठच्या शेताला आणि माशांना ते तितके सोपे नाही. प्रवाह कमी असताना कारखान्यांचे सांडपाणी पातळ व्हायला पाणी उरत नाही आणि खाडीजवळच्या भागात भरतीचे खारे पाणी वर सरकते.

हजार लिटर पाण्याची किंमत किती?

पाचशे मीटरवरून हजार लिटर पाणी खाली आले की साधारण एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. एक किलोवॉटचे सौर पॅनेल भर दुपारी तासा-दीड तासात तेवढी वीज देते. तेच हजार लिटर पाणी चार माणसांच्या घराला जवळपास दोन दिवस पुरते.

हे गणित घाटावर आधीच मांडले जात आहे. कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्यानुसार टाटांच्या धरणांतून वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास पाणी पश्चिमेकडे वळते. हे पाणी भीमा खोऱ्यातच ठेवून सोलापूरसारख्या दुष्काळी भागाला द्यावे, ही मागणी जुनी आहे. या पाण्यातून होणारी वीज ढोबळमानाने वर्षाला १४० कोटी युनिट. तेवढी वीज सुमारे ९०० मेगावॉट सौर प्रकल्पांतून मिळेल; मेगावॉटला चार एकर धरले तर ३,६०० एकर जमीन लागेल. वीज आता सूर्यापासून घ्या आणि पाणी आम्हाला द्या, हा युक्तिवाद त्यामुळे दिवसेंदिवस जोर धरणार.

युनिटांच्या बेरजेत तो चूक नाही. तो दोन ठिकाणी अडतो. एक म्हणजे रात्री आठचे युनिट आणि दुपारी बाराचे युनिट सारखे नसते. दुसरे, शंभर वर्षांत या पाण्याभोवती रायगड-ठाण्यातले उद्योग, बंदर आणि शहरे उभी राहिली. खोपोलीचे पाणी थांबले तर पाताळगंगा कोकणातल्या इतर नद्यांसारखी होईल, आणि पहिला फटका खालच्या टोकाला असलेल्या आपट्यासारख्या गावांना बसेल. सोलापूरच्या शेतकऱ्याचा हक्क खोटा ठरत नाही, पण तो मान्य करताना इथल्या पाण्याची सोय आधी करावी लागेल.

उदंचन प्रकल्पांनी सुटेल का?

काही प्रमाणात. दुपारच्या स्वस्त सौर विजेवर खालचे पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी तेच पुन्हा खाली सोडून वीज करायची, याला उदंचन जलविद्युत म्हणतात. भिऱ्यात १५० मेगावॉटचा असा संच आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात भिवपुरी (१,००० मेगावॉट) आणि शिरवता (१,८०० मेगावॉट) प्रकल्पांचा करार झाला. गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी रुपये. पाणी चढवायला लागलेल्या १०० युनिटांतून ७५ ते ८० युनिट परत मिळतात, बाकीची घट सोसावी लागते. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत आणि दोन-चार तासांसाठी त्या स्पर्धेत उतरल्या आहेत, पण त्यांचा कच्चा माल बहुतेक आयात होतो.

उदंचनात पाणी खाली सोडून द्यायचे नसते, परत वर न्यायचे असते. म्हणून नदीला रोज किती पाणी सोडायचे, हे प्रकल्पाच्या परवानगीतच स्पष्ट लिहावे लागते. नंतर भांडून ते मिळत नाही, हा राज्यातल्या धरणांचा अनुभव आहे.

वीज आहे, पण शहरात पोहोचते का?

मुंबईच्या बाबतीत तारांची अडचण मोठी आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे भागातील बिघाडाने मुंबई महानगर अंधारात गेले. शहरात बाहेरून वीज आणायला पुरेशा वाहिन्या नसल्याने ट्रॉम्बे आणि डहाणूचे कोळशाचे संच चालू ठेवण्याचा युक्तिवाद वारंवार झाला. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाल्याने थोडा दिलासा मिळाला. अशा प्रत्येक वाहिनीचे मनोरे कोणाच्या तरी शेतात किंवा खारफुटीत उभे राहतात.

रसायनीच्या बॉयलरचे काय?

याबद्दल फारसे बोलले जात नाही. देशाच्या एकूण ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्सा आहे. उरलेले डिझेल, पेट्रोल, गॅस आणि कोळसा थेट जाळला जातो. रसायन आणि धाग्याच्या कारखान्यांना रात्रंदिवस वाफ लागते. ती विजेवर करायची तर बॉयलर बदलावे लागतील, वाहिन्या वाढवाव्या लागतील आणि स्वस्त वीज चोवीस तास मिळावी लागेल. छतावर पॅनेल बसवून कार्यालयाचे दिवे चालतात, भट्टी चालत नाही.

गावाच्या हाती काय आहे?

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. स्लॅबच्या घराला ते सोपे आहे, कौलारू घराला सांगाडा वेगळा करावा लागतो, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने उत्पादन घटते. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत आहे. पाण्याची मोटार, गिरणी, इस्त्री दुपारी चालवली तर तिचा लाभ होतो.

नदीबाबत मात्र अधिकार विखुरलेले आहेत. टर्बाइन केव्हा फिरवायचे हे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या वेळापत्रकात बसते. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, पाण्याचे वाटप जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आणि सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. वीज आयोग मोठ्या दरप्रस्तावांवर आदेश देण्यापूर्वी सूचना आणि हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे वकील आणि ग्राहक संघटना हजर असतात. नदीकाठच्या ग्रामपंचायतीलाही लेखी म्हणणे देता येते, त्याला वकील लागत नाही. खोपोलीतून दिवसाकाठी किमान किती पाणी सोडावे आणि ते किती तासांत विभागावे, एवढी एकच मागणी पाताळगंगेकाठच्या गावांनी एकत्र येऊन मांडली, तर विजेच्या वेळापत्रकात नदीचाही रकाना येऊ शकतो.