सहलीत काय पाहावे?

आफ्रिकेत पाहण्यासारखी अनेक शहरे आहेत. इथिओपियातील हरार हे जुन्या तटबंदीचे शहर त्यांपैकी एक. केळझरहून तेथे सहल नेणे कठीण. पण इथिओपियात जन्मलेल्या एका माणसाने वसवलेले शहर आपल्याच महाराष्ट्रात आहे.

मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी या गावी नवे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील लोकांसाठी त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी.

सहलीला गेलेली मुले बीबीचा मकबरा पाहतात, फोटो काढतात आणि परततात. नहरीकडे फारसे कोणी फिरकत नाही. माझ्या मते तिलाही एक तास द्यावा. सुंदर इमारतीने डोळे सुखावतात; पण शहर जगते ते पाण्यावर. दूर देशाहून आलेला माणूस या मातीचा कसा झाला, हे नहर सांगते. तिचे काही भाग आता बुजले आहेत. जे कोणी पाहत नाही, ते कोणी जपतही नाही. म्हणून पुढच्या सहलीच्या यादीत नहरीचे नाव तुम्हीच लिहा.